फरशी घेण्याआधी जोत्यात काय भरलंय ते बघा

ताई, तुमचं विचारणं थोडक्यात असं: हिंगणघाट तालुक्यातलं गाव, काळ्या जमिनीवरचं विटांचं घर. समोरच्या १२ बाय १४ च्या बैठकीत २० वर्षांपूर्वीची शहाबाद फरशी, मागची खोली आणि सैपाकघर अजून मातीचं, शेणानं सारवलेलं. बैठकीतली फरशी मधे फुगली आहे आणि भिंतीकडे दबली आहे. मे महिन्यात मुलाचं लग्न, त्याआधी सगळीकडे चकचकीत टाईल्स हव्या आहेत. घरात सासूबाई काठी घेऊन चालतात. टाईल्स कोणत्या घ्याव्या आणि तयारी काय करावी?

मी २८ वर्षांपासून वर्धा-यवतमाळकडच्या गावांत फरशीची कामं करतो. टाईल्स कोणत्या घ्यायच्या ते पुढे सांगतोच. पण तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं आहे ते 'मधे फुगली आणि भिंतीकडे दबली' एवढंच. त्याचं कारण तसंच ठेवून वर कितीही महागाची टाईल लावली तरी तीही फुगेल, आणि शहाबादपेक्षा लवकर तडकेल. शहाबाद इंचभर जाड असते, टाईल जेमतेम ८ ते १० मिलिमीटर.

आपली कापसाची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आटते. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तुम्ही रोज बघता. तीच माती घराखाली आहे. उन्हाळ्यात भिंतीच्या बाहेरची बाजू तापून वाळते, आटते, तिथली फरशी खाली बसते. मधल्या मातीला ऊन लागत नाही, तिची ओल टिकते, म्हणून मधला भाग वर राहतो. पावसाळ्यात पाणी भिंतीलगत मुरलं की उलटा खेळ, कडा वर येतात. वर्षातून दोनदा असं हललं की कोणतीही फरशी सांधे सोडते.

सुरुवातीच्या काळात आर्वीकडच्या एका गावात मी एक घर केलं होतं. मालकाचा ट्रॅक्टर घरचाच, म्हणून जोतं, म्हणजे घराखालचा चौथरा, शेतातल्या मातीनं भरून तयार. मी विचारलं नाही, टाईल्स लावून मोकळा झालो. दुसऱ्या उन्हाळ्यात घरातल्या आजीबाईंचा निरोप आला, "मिस्तरी, चाललं का पायाखाली डबा वाजून राह्यला." गेलो, छिन्नी लावली, तर टाईल खालच्या सिमेंट-रेतीच्या मसाल्यासकट अख्खी उचलून हातात आली. मसाला आणि माती यांच्या मधे माझी चारही बोटं आरामात गेली. भेगेत टॉर्च मारला तर तळ दिसला नाही. ते काम मी स्वतःच्या खर्चानं पुन्हा केलं. तेव्हापासून जोत्यात काय भरलंय हे बघितल्याशिवाय मी कुणाला टाईल्सचा रंग सांगत नाही.

तर पहिलं काम घराबाहेरचं. दारात उभं राहून रस्ता बघा. गावोगावी सिमेंट रस्ते झाले, एकावर एक थर पडले, आणि जुन्या घरांचे ओटे रस्त्याच्या बरोबरीला आले. तुमच्या घरात पावसाचं पाणी शिरतं का, की उंबरठ्यापाशी थांबतं? रस्ता वर गेला असेल तर आतली पातळी या कामातच वाढवून घ्यावी लागेल. नवीन फरशी रस्त्यापेक्षा निदान फूटभर वर हवी. छत किती उंच, दाराची चौकट किती वर, हे मोजूनच ते ठरतं. आतली पातळी ६ इंच वाढवली तर दारं खालून कापावी लागतात, विजेचे बोर्ड खाली आल्यासारखे दिसतात, आणि मोरी नवीन फरशीपेक्षा खाली राहते. हे आधी कागदावर मांडा.

मग घराभोवती फिरा. शोषखड्डा भिंतीला चिकटून असेल तर त्या कोपऱ्याची माती बारा महिने ओली राहते, आणि फरशी नेमकी त्याच कोपऱ्यात उचलते. शोषखड्डा भिंतीपासून जमेल तितका लांब न्या, १० फूट तरी. न्हाणीचं पाणी उघड्यावर सोडलं असेल तर पाइपानं नालीत न्या. भिंतीला लागून चारही बाजूंनी ३ फूट रुंद, बाहेर उतार असलेला कोबा, म्हणजे सिमेंट-गिट्टीचा थर, करा. त्यानं पावसाचं पाणी घराच्या पायात मुरत नाही आणि उन्हाळ्यात भिंतीलगतची माती एकदम वाळतही नाही. काळ्या जमिनीत आतल्या टाईल्सपेक्षा बाहेरचा हा तीन फूट कोबा जास्त काम करतो. पैसे कमी पडले तर टाईल्स हलक्या घ्या, हा कोबा सोडू नका.

आता मागची खोली आणि सैपाकघर. सारवलेल्या मातीवर थेट मसाला टाकून टाईल लावून देणारे मिस्तरी भेटतील, दोन दिवसांत काम संपवतील. त्यांना होकार देऊ नका. आधी खोलीच्या मधे हातभर खड्डा करून माती काढा. ओली करून लाडू वळा आणि दोन दिवस उन्हात ठेवा. लाडवाला भेगा पडल्या, तो दगडासारखा कडक झाला, तर ती काळी माती. हाताने दाबल्यावर भुगा झाला तर मुरूम, म्हणजे तुमचं नशीब चांगलं.

काळी निघाली तर दीड फूट खोदून ती बाहेर काढायची, पण भिंतीपासून अर्धा फूट सोडून, आणि भिंतीच्या पायाच्या खाली कुदळ जाऊ द्यायची नाही. दोन्ही खोल्या एकदम उकरू नका, एक पूर्ण झाली की दुसरी. दीड फुटाखालीही काळीच लागेल आणि ती सगळी काढणं शक्य नाही. पण वाळण्या-भिजण्याचा मार वरच्या थराला सगळ्यात जास्त बसतो, आणि मुरूम फुगत नाही, आटत नाही. तो खालच्या हालचालीला उशीसारखा झेलतो.

मुरूम भरताना घाई नको. ६ इंचांचा थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मसानं, म्हणजे ठोकायच्या जड ठोकळ्यानं, ठोकायचं, मग पुढचा थर. एकदम दीड फूट ओतून वरून पाणी सोडलं तर वरचे चार इंच बसतात, खालचं पोकळ राहतं. थर बसला की नाही हे बघायला मी सळई रोवून बघतो. एका माणसाच्या जोरानं ती बोटभर गेली तर ठीक, वीतभर गेली तर पुन्हा ठोकायचं. त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, २५० मायक्रॉनचा, सांध्यावर फूटभर एकावर एक घेऊन आणि भिंतीवर चार बोटं चढवून. खालची ओल वर यायची थांबते. कागदावर १:४:८ चा, म्हणजे एक पाटी सिमेंट, चार रेती, आठ गिट्टी असा ४ इंच कोबा. भिंतीला तो चिकटू देऊ नका. कडेला थर्माकोलची पातळ पट्टी ठेवली की भिंत आणि फरशी आपापल्या जागी हलतात, एकमेकांना ओढत नाहीत. ७ दिवस पाणी. मे महिन्यात १० दिवस, ओलं पोतं पसरून.

रेती चाळलेली हवी, मातकट नको. हाताला चोळल्यावर तळवा मळला तर परत पाठवा. पाणी गोडं हवं. तुमच्या भागात ही अडचण कमी, पण हे वाचणारे कुणी दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडचे, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले असतील तर बोअरचं पाणी मसाल्यात वापरू नका. पांढरी भुकटी वर येत राहते आणि सांधे पोखरते. तिथे प्यायच्या पाण्याच्या टाकीतूनच ड्रम भरून आणावे लागतात.

बैठकीचं काय? थापीच्या मुठीनं प्रत्येक फरशीवर ठोकत जा. भरीव फरशी 'टक' वाजते, पोकळ 'भद' वाजते. पोकळ फरशीवर खडूनं फुली मारा. खोलीत आठ-दहा फुल्या निघाल्या आणि फुगवटा नसता, तर मी म्हटलं असतं तेवढ्याच काढा, बाकीच्यांवर छिन्नीनं टाचे मारून त्या खरबरीत करा आणि वरून ॲडहेसिव्हनं, म्हणजे टाईल चिकटवायच्या तयार मसाल्यानं, टाईल्स लावा. पण तुमची फरशी मधे वर आली आहे. दोन भिंतींच्या मधे सूत ताणून बघा. सुतापासून फरक अर्ध्या इंचापेक्षा जास्त असेल तर शहाबाद काढूनच घ्या आणि मागच्या खोलीसारखंच खालून काम करा. काढलेली शहाबाद फेकू नका. अख्खे निघालेले तुकडे अंगणात, न्हाणीत, गोठ्याच्या तोंडाशी लागतात, आणखी २० वर्षं टिकतात.

इथे मला तुम्हाला न आवडणारी गोष्ट सांगायची आहे. लग्नाआधी टाईल्स लावू नका. नवीन भरलेला मुरूम कितीही ठोकला तरी पहिल्या पावसाळ्यात थोडा बसतोच. मे महिन्यापर्यंत खोदाई, मुरूम आणि कोबा होतो. तो कोबा नीट घोटून घ्या, वाटलं तर वरून लाल रंगाचा ऑक्साइड टाकून. त्यावर सतरंज्या टाकून मांडव, हळद, पंगती सगळं होतं. लग्नात शंभर माणसं, मोठाली भांडी, मांडवाचे लोखंडी पाय, ओढलेल्या खुर्च्या, हे सगळं कोब्यानं सोसलेलं बरं. दसरा झाला, कापूस-तूर घरात यायच्या आधी मधे आठ-दहा दिवस मिळतात, तेव्हा टाईल्स लावा. तोवर एका पावसाळ्यात कोब्याला कुठे तडा गेला ते डोळ्यांना दिसेल, आणि तो दुरुस्त करूनच वर टाईल जाईल. नव्या सुनेच्या पहिल्या दिवाळीला घर चकाकेल, यात कमीपणा काहीच नाही. महालक्ष्म्या मात्र त्या वर्षी कोब्यावर बसतील.

आता निवड. सैपाकघरात आणि माल ठेवायच्या खोलीत माझी पसंती कोटा. राजस्थानातल्या कोट्याचा हा हिरवट-निळसर चुनखडक, २० ते २५ मिलिमीटर जाड. तुरीचे कट्टे आपटले, लोखंडी खाटेचा पाय ओढला, सिलिंडर फरफटवला तरी तुटत नाही. उन्हाळ्यात पायाला गार लागतो आणि दहा वर्षांनी पुन्हा पॉलिश मारली की नव्यासारखा होतो. त्याचं वाकडं एकच, आंबट त्याला चालत नाही. चिंच, लिंबू सांडून रात्रभर राहिलं की पॉलिश जाऊन पांढरा डाग पडतो. काम झाल्यावर मिस्तरी सिमेंटचे डाग काढायला ॲसिड मारतात, ते कोट्यावर आणि शहाबादवर कधीही मारू देऊ नका. चुन्याचा दगड ॲसिडनं फसफसतो, चामडी सोलल्यासारखं होतं. सिमेंट ओलं असतानाच पोत्यानं पुसून घेतलं तर ॲसिडची गरज पडत नाही.

चूल अजून पेटत असेल तर चुलीखाली टाईल नकोच. एकीकडून निखारा आणि दुसरीकडून सांडलेलं पाणी, टाईल तडकलीच समजा. चुलीपुरता चौकोन विटांचा, वर मातीचं लिंपण, जसं आज आहे तसंच ठेवा.

बैठक आणि निजायची खोली व्हिट्रिफाईड टाईल्सची करा, पण मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या. दुकानात 'चकचकीत' म्हणून दाखवतात ती सासूबाईंसाठी धोक्याची आहे. काठीचं टोक आणि ओला पाय, दोन्ही त्यावर सटकतात, आणि म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतो. सासूबाईंना दुकानात घेऊन जा. दोन-तीन मॅट टाईल्स खाली मांडायला सांगा, वर तांब्याभर पाणी ओता, आणि तुम्ही त्यांचा हात धरून त्यांना अनवाणी उभं करा. त्या जिच्यावर पाय घट्ट रोवतील ती घ्या. रंग पांढरा-क्रीम नको. आपल्या पायांना काळा चिखल लागून येतो, पांढऱ्यावर तो दिवसातून चारदा पुसावा लागतो. राखाडी किंवा मातकट बरा. सांध्यात भरायचं ग्राऊटही गडदच घ्या. न्हाणीत मोठी टाईल नको, फूट बाय फुटाची खरखरीत अँटी-स्किड घ्या. सांधे जास्त असले की पाय धरतो आणि उतारही नीट काढता येतो.

सिरॅमिक की व्हिट्रिफाईड, यात दुकानदार घोळ घालतो. टाईल उलटी करा, पाठीवर पाण्याचे चार थेंब टाका. पाणी शोषलं गेलं तर सिरॅमिक, तसंच उभं राहिलं तर व्हिट्रिफाईड. दोन टाईल्स तोंडाला तोंड लावून उभ्या धरा, मधून उजेड दिसला तर टाईल वाकडी आहे, तिचे सांधे कधीच एका पातळीत येणार नाहीत.

किती घ्यायच्या? '२ बाय २' म्हणतात ती खरी ६०० मिलिमीटरची असते, दोन फुटांना थोडी कमी. म्हणून ४ टाईल्सचा खोका १६ नाही, साडेपंधरा चौरस फूट झाकतो. तुमची बैठक १६८ फूट. तुटफूट, कापाकापी धरून १८१ फूट, म्हणजे १२ खोके. ४ इंची स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, एका टाईलमधून साधारण १२ फूट निघते. दारं सोडून भिंत ४६ फूट धरली तर ४ टाईल्स, म्हणजे एक खोका. आणि एक खोका घरात ठेवायला. असे १४. सगळ्या खोक्यांवर बॅचचा नंबर आणि शेड एकच आहे ना, हे गाडीत चढवतानाच बघा. घरी आल्यावर कळलं तर बदलून मिळेपर्यंत हातातला मिस्तरी दुसऱ्या गावाला गेलेला असतो.

लावताना मालकानं बसून बघायच्या दोन गोष्टी आहेत. एक, टाईलखाली मसाला पूर्ण भरलेला आहे ना. घाईतला मिस्तरी चार कोपऱ्यांना आणि मधे असे पाच गोळे ठेवून टाईल दाबतो. वरून सरळ दिसते, पण खाटेचा पाय पोकळीवर आला की कोपरा तुटतो. लावलेली एक टाईल लगेच, ओली असतानाच, उचलायला सांगा. पाठ पूर्ण माखलेली हवी. व्हिट्रिफाईड पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या पाण्यावर ती घट्ट धरत नाही. कोबा सपाट असेल तर ॲडहेसिव्ह वापरा, दातेरी पट्टीनं ओढून. २० किलोच्या गोणीत साधारण ५० चौरस फूट होतात. महाग वाटेल, पण दीड इंच मसाल्याची रेती, सिमेंट आणि उंची, तिन्ही वाचतात.

दुसरी गोष्ट सांध्यांची. 'एकसंध दिसू द्या, सांधा नको' असं मालकच सांगतात. मग ४५-४६ डिग्रीच्या दुपारी, वरून टिन तापलेलं असताना, रिकाम्या खोलीत फटाका फुटल्यासारखा आवाज होतो आणि मधल्या दोन टाईल्स तंबूसारख्या उभ्या राहतात. १४ फुटांच्या खोलीत तापमान २५ डिग्रीनं वाढलं तर टाईल्स मिळून पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढतात. खालचा मसाला मात्र वाळताना आकसतो. वाढलेल्याला जायला जागा नसली की वर उठणं एवढाच रस्ता उरतो. म्हणून प्रत्येक सांध्यात फट राखणारा २ मिलिमीटरचा स्पेसर, आणि चारही भिंतींलगत ५-६ मिलिमीटर मोकळी फट. ती फट मसाल्यानं भरू देऊ नका, स्कर्टिंगखाली झाकून जाते, कुणाला दिसत नाही.

लावल्यावर तीन दिवस त्या खोलीत ग्राऊट भरणारा मिस्तरी सोडून कुणी फिरायचं नाही, आठवडाभर खाट-कपाट ठेवायचं नाही. ग्राऊट दुसऱ्या दिवशी भरा, लगेच नको. राहिलेला खोका माळ्यावर ठेवताना त्याच्या कागदावर दुकानाचं नाव, बॅच आणि तारीख लिहा. पाच वर्षांनी एखादी टाईल फुटली तर तो रंग बाजारात मिळत नाही.

खोदाईला सुरुवात कराल तेव्हा लाडवाची परीक्षा आधी करा आणि काय निघालं ते कळवा. मुरूम निघाला तर वरचा बराच खर्च वाचेल आणि लग्नाआधी टाईल्सचाही विचार करता येईल.